काटा जास्त, पाणी कमी

विहीर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठावर. तिथलं पाणी १,२०० मीटरवरच्या वावरातल्या हौदात न्यायचं होतं. मे महिन्यात चारी खोदून पाईप जोडले आणि चाचणीच्या दिवशी हौदावर हिशेबाच्या निम्मंच पाणी पडलं. मोटर नवी होती, पाईप कुठे फुटलेला नव्हता. लांब लाईनीत असं बऱ्याचदा होतं आणि दोष भलत्याच वस्तूवर जातो, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

आधी हिशेब. विहिरीतलं पाणी जमिनीपासून १८ मीटर खाली, आणि हौद विहिरीच्या तोंडापेक्षा १४ मीटर उंच. म्हणजे नुसता चढ ३२ मीटर. सेकंदाला ५ लिटर पाणी हवं होतं. एवढं पाणी १,२०० मीटर ढकलताना ७५ मिलिमीटरच्या पाईपात घर्षणानेच २७ मीटरच्या आसपास जोर (म्हणजे पाणी तेवढे मीटर उंच चढवायला लागेल तेवढा) खर्च होतो, ९० च्या पाईपात १२, आणि ११० मध्ये साडेचार. पाईपात वाचवलेला पैसा पुढे दर महिन्याला विजेत जातो, हे ७५ चा आग्रह धरणाऱ्याला कागदावर मांडून दाखवावं. इथे ९० घेतला. चढ ३२ आणि घर्षण १२ मिळून ४४ मीटर, त्याला ५ एचपीची सबमर्सिबल पुरते.

पाईप ६ मीटरचा, म्हणजे २०० नग. तुटफुटीसाठी ८ जास्तीचे. विहिरीपासूनचे ३०० मीटर आणि नाल्याचा भाग ६ किलो दाब सोसणारा, बाकी ४ किलोचा. जिथे दाब जास्त आणि लाईट गेल्यावर उलट धक्का बसतो, तिथे जाड पाईप हवाच. लाईन भरली की आत साडेसहा हजार लिटर पाणी, म्हणजे साडेसहा टन वजन, सेकंदाला जवळपास मीटरभर वेगाने पळत असतं. लाईट अचानक गेली की हे वजन मागे फिरतं. म्हणून विहिरीवर एक एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि नाला ओलांडल्यावर दुसरा.

वाटेत शेजाऱ्याचं वावर होतं, त्याची संमती लेखी घेतली. शेजारी नाहीच म्हणाला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण ते चारी खोदायच्या आधी, नंतर नाही.

चारी दीड फूट रुंद, तीन फूट खोल. याहून उथळ ठेवली तर ट्रॅक्टरचा नांगर कधीतरी पाईपाला लागणारच. शिवाय आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. वरच्या थरातल्या पाईपाचे जोड ती ओढून काढते. काळ्या मातीत खाली वेगळं काही अंथरावं लागत नाही, ढेकळं फोडली की झालं. मधल्या बरडावर मात्र २०० मीटर मुरूम-दगड लागला. तिथे चार इंच वाळू टाकली, तीन ब्रासच्या थोडी वर गेली. दगडाच्या टोकावर टेकलेला पाईप लगेच फुटत नाही, दोन-तीन वर्षांनी फुटतो, आणि तोवर वर उभी कपाशी असते.

जोडणी खानदेशातल्या मे महिन्यात करायची तर वेळ पाळावी लागते. पाईपाचं टोक कानशीने उतरतं करायचं, काचपेपर मारायचा, कॉलर किती आत जाते त्याची पेन्सिलने खूण करायची. सोल्युशन कॉलरच्या आत पातळ, टोकावर भरपूर. आत दाबून पाव फेरा द्यायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. भर उन्हात सोल्युशन कॉलरमध्ये जायच्या आधीच सुकतं, जोड वरून घट्ट दिसतो पण आत चिकटलेला नसतो. म्हणून काम पहाटे आणि चारनंतर, आणि डबा ओल्या गोणपाटात. पाईप चारीत ताठ सरळ टाकायचा नाही, किंचित नागमोडी ठेवायचा. पीव्हीसी १०० मीटरला २० अंशांनी थंड झालं की १४ सेंटीमीटरच्या आसपास आखडतं. उन्हात तापलेली लाईन तशीच ताणून पुरली, तर रात्री ती एखादा जोड सोडवते.

वळणावर काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घेतले. ९० च्या लाईनीत ३ किलो दाबाला काटकोनी एल्बोवर पावणेतीनशे किलोच्या आसपास रेटा येतो. प्रत्येक बेंडच्या पाठीला काँक्रीटचा ठोकळा, न खोदलेल्या कोऱ्या मातीला टेकवून. जोड मात्र काँक्रीटबाहेर ठेवायचा, नाहीतर गळती दिसत नाही.

चाचणीला थ्री फेज सकाळी आठला आली. पाईपांच्या मध्यावर माती टाकलेली, जोड उघडे. लाईन भरायला बावीस मिनिटं धरली होती. तिसाव्या मिनिटाला हौदावरून फोन आला, "पानी उनं नही आजून, नुसती हवा येई ऱ्हायनी." पस्तिसाव्या मिनिटाला पाणी आलं. खळखळत, थुंकत.

दोनशे लिटरचा ड्रम लावला. ५ लिटरच्या हिशेबाने तो चाळीस सेकंदांत भरायला हवा, भरायला ८५ लागले. वावराचे मालक आप्पा मला म्हणाले, "मिस्तरी, मोटर कमी पडते. साडेसातची आणू." मोटर बदलण्याआधी विहिरीवरचा प्रेशर गेज बघायला हवा. विहिरीच्या तोंडापासूनचा चढ १४ आणि घर्षण १२ मिळून २६ मीटर, दर दहा मीटरला एक किलो, या हिशेबाने तो २.६ किलो दाखवायला हवा होता, काटा होता २.९ वर.

मोटर कमजोर असती तर पाणी कमी आणि काटाही खाली असता. लाईन कुठे फुटली असती तरी काटा खालीच आला असता. काटा जास्त आणि पाणी कमी, याचा अर्थ मोटर जोर लावते आहे आणि पुढे काहीतरी अडवून बसलं आहे. सगळे जोड कोरडे, व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. मग उरते हवा.

या लाईनीत हवेची जागा एकच. बरडाचा माथा विहिरीपेक्षा १३ मीटर उंच, आणि तिथून अडीचशे मीटरमध्ये लाईन १२ मीटर खाली नाल्यात उतरते. माथ्यापलीकडच्या उतारावर पाणी पाईपाच्या तळाने ओघळत जातं आणि वरच्या बाजूला हवा दबून बसते. हवेचा हा फुगा जेवढा उंच, तेवढे मीटर जोर तो खातो. ४४ मीटरच्या कामाला वर आणखी बारा मीटर लागले, तर ५ एचपी निम्म्यावर येणारच.

बरडावर अडकलेली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह तर बसवला होता. त्याची पिन दाबली तर पाण्याची चिळकांडी उडाली, हवा अजिबात नाही. म्हणजे तो खऱ्या माथ्यावर नव्हता. जागा डोळ्यांनी ठरवली होती आणि शेजारच्या उंच बांधाने फसवलं. पारदर्शक नळीत पाणी भरून चारीतल्या पाईपाची पातळी दर वीस मीटरला घेतली. खरा माथा ४० मीटर पुढे निघाला, जेमतेम दोन फूट उंच. एवढ्या फरकानेही व्हॉल्व्ह निरुपयोगी ठरतो, कारण हवा सर्वांत वरच्या जागीच थांबते.

मोटर बंद करून लाईनीतलं पाणी माथ्याखाली उतरवलं, नव्या माथ्यावर ९० बाय १ इंचाचं सॅडल (पाईपाला आवळायचा, व्हॉल्व्ह बसवायचा पट्टा) कसलं, भोक पाडून व्हॉल्व्ह तिथे हलवला. जुन्या सॅडलला प्लग. मोटर सुरू झाल्यावर व्हॉल्व्हमधून गरम, प्लास्टिकच्या वासाची हवा बराच वेळ एका सुरात येत राहिली, मग दोन थेंब पडले आणि आतला बॉल वर बसला. ड्रम ४१ सेकंदांत भरला. काटा २.६ वर आला.

मग हौदाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाब ३ किलोवर नेला आणि मोटर थांबवली. अर्ध्या तासात काटा थोडा खाली सरकला: एका जोडाला घाम सुटला होता. तो दुपारी केलेला जोड होता. वरून सोल्युशन थापून असा जोड टिकत नाही. तेवढा भाग कापून दोन कपलर आणि नवा तुकडा टाकला, २४ तास दाब दिला नाही, आणि पुन्हा चाचणी घेऊन मगच माती लोटली. लाईन पाण्याने भरलेली ठेवून, सकाळच्या गारव्यात, वर सहा इंच माती जास्त, कारण पहिल्या पावसात ती बसते.

एअर व्हॉल्व्हभोवती दोन फुटी सिमेंटची रिंग आणि झाकण आहे. बांधापासूनची आणि निंबापासूनची त्याची मापं आप्पांच्या वहीत आहेत, दोन्ही बेंड आणि नाल्याच्या एनआरव्हीच्या मापांसोबत.