सोळा रिवेट, तीन आठवडे

मला सोळा रिवेट हवे होते, म्हणजे भोकातून घालून दुसऱ्या टोकालाही डोकं ठोकायचे जोडखिळे. घरच्या १९९४ च्या जीपचे, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, म्हणजे ते टांगून ठेवणारे ब्रॅकेट, चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) धरून ठेवणारे. पाटे उतरवणं, कुजलेले बुश (सांध्यातले रबर) काढणं, गंज खरवडणं हे दोन रविवारांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रिवेटांना मात्र तीन आठवडे गेले. त्यातला बराचसा वेळ माझ्याच मूर्खपणाने गेला हे मान्य, पण राग अजून रिवेटवाल्या दुकानाच्या काउंटरवरच आहे.

सिंहगडावरून उतरताना मागून ‘टक्क’ असा आवाज यायला लागला होता. दर वळणाला एक. जीपखाली आडवा झालो तर हँगरच्या रिवेटांच्या डोक्यांभोवती तांबूस भुकटी आणि खाली ओघळ. पक्का बसलेला रिवेट अशी भुकटी सोडत नाही. आत हालचाल असेल तेव्हाच लोखंड लोखंडावर घासून ती बाहेर पडते. खात्री करायची असेल तर एका बाजूच्या डोक्यावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टिचकी मारायची. पक्का रिवेट गप्प बसतो. सैल असला की बोटाला झणझण लागते. सोळापैकी नऊ झणझणले.

आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, “काका, चार टाके मारून देतो, विषय संपला.” मी नको म्हटलं. चेसिसच्या कडेला वेल्डिंग केलं की टाक्याशेजारचा पत्रा तापून त्याचा गुण बदलतो आणि काही महिन्यांनी तडा टाक्यात न जाता त्याच्या शेजारून जातो. मित्राच्या टेम्पोचं हेच झालेलं मी पाहिलंय.

मग भाच्याला फोन केला. तो कॅनडात असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने त्याच्या स्नोमोबाइलच्या (बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या) सस्पेन्शनचे ब्रॅकेट घरीच बदलले होते, म्हणजे घराण्यात रिवेटचा अनुभव असलेला तो एकटाच. तो उत्साहाने म्हणाला, “मामा, ६.४ चे ब्लाइंड रिवेट घे, स्ट्रक्चरलवाले, एका माणसाचं काम आहे.” ब्लाइंड म्हणजे पोकळ नळीतला खिळा ओढून एकाच बाजूने बसवायचा रिवेट. त्याच्या गाडीला ते बरोबरच. तिथे धड म्हणजे वाकवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मागून हात घालायला जागा नाही आणि भार पुष्कळ रिवेटांवर वाटला गेलेला. साध्या पॉप रिवेटमध्ये खिळा तुटून उरलेला तुकडा कधीही गळून पडतो आणि मागे राहते पोकळ नळी. स्ट्रक्चरलमध्ये तो तुकडा आत अडकून बसतो, म्हणून आडव्या, कापणाऱ्या जोरापुढे रिवेट जास्त भार झेलतो. माझं काम वेगळं होतं. हँगरची पाटी, चेसिस आणि मधली जोडपट्टी मिळून बारा मिलिमीटर पोलाद, आणि जीपचा सगळा मागचा भार चार हँगरांवर. इथे भरीव रिवेटच हवा, तोही तापवून ठोकलेला. हे समजायला एक संध्याकाळ गेली. भाच्याला अजून पटलेलं नाही.

आता काउंटर. पुण्याच्या बोहरी आळीतलं ते दुकान कुठलं ते सांगत नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “रिवेट द्या.” त्याने न विचारता पॉप रिवेटचं पाकीट समोर टाकलं. मी म्हटलं, भरीव. त्याने वर पाहिलं. “भरीव किलोवर मिळतात साहेब. माप?” दहा मिलिमीटर, मी म्हणालो. “लांबी?” इथे मी गडबडलो. जोडायच्या जाडीत दांड्याच्या व्यासाची दीडपट मिळवायची, कारण बाहेर उरलेल्या त्या शेपटीतूनच दुसरं डोकं घडतं. बारा अधिक पंधरा, सत्तावीस. म्हणजे अठ्ठावीसचा घ्यायचा. आखूड घेतला तर डोकं अर्धवट राहतं. फार लांब घेतला तर डोक्याभोवती चपटी झालर येते आणि दांडा आत वाकतो. हे आज मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी म्हणालो, “साधारण इंचभर.”

त्याने पंचवीसचे दिले. घरी आणून मोजले आणि दुसऱ्या दिवशी परत. “अठ्ठावीस नाहीत, तीस घ्या, दोन मिलिमीटरने काय होतंय?” एवढ्याशा कामात पुष्कळ होतं, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. मग “परवा या.” परवा गेलो तर “माल निघालाय.” पुढच्या सोमवारी “गोडाऊनला आलाय, पोरगा आणायला गेलाय.” पोरगा तासाभराने पस्तीसचे घेऊन आला. रविवार पेठेत स्कूटर लावायला जागा शोधणं हे स्वतंत्र काम, ते प्रत्येक वेळी केलं. दुकान एक ते चार बंद असल्याची तक्रार मी करणार नाही, ते दिवसभर उघडं होतं. अठ्ठावीसचेच तेवढे नव्हते. पाचव्या फेरीला त्याने मला ओळख दाखवली. सहाव्या फेरीला चहा सांगितला. चहा घेतल्यावर माणसाला भांडता येत नाही, हे त्याला ठाऊक असावं.

बायको म्हणाली, “अहो, सोळा रिवेटांसाठी एवढं पेट्रोल जाळलंत, त्यात नवा हँगर आला असता.” हँगर नानापेठेत खरंच मिळतो. पण नव्या हँगरलाही रिवेट लागतातच, हे मी तिला त्या वेळी बोललो नाही.

त्याच दिवसांत एकदा कसब्यातल्या तांबट आळीत घंगाळाचा कान बसवून घ्यायला गेलो होतो. तांबट तांब्याचे रिवेट ठोकत होते. मी सहज माझं रडगाणं सांगितलं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “भोक केवढं आहे?” मी म्हटलं, दहाचा रिवेट आहे म्हणजे दहाच्या आसपास. ते नुसते हसले. तांब्याच्या भांड्याचा आणि जीपच्या चेसिसचा काय संबंध, म्हणून मी ते सोडून दिलं.

एकविसाव्या दिवशी दहा बाय अठ्ठावीस आले. एक किलो, मोजले तर चाळीस निघाले. एकेकाचं वजन साधारण चोवीस ग्रॅम. मी विजयी वीरासारखा घरी आलो आणि मग, हो, मगच जुन्या रिवेटांची डोकी उडवली. नवे हातात येईपर्यंत चेसिस उघडी कशाला ठेवायची, असा माझा हिशेब होता. दांडा बाहेर ठोकला आणि कॅलिपर लावला. छिद्र गोल राहिलंच नव्हतं. आडवं १०.८, उभं १२.४. सैल रिवेट वर्षानुवर्षं हलून छिद्राचं अंडं झालं होतं. कमीजास्त प्रमाणात सगळ्यांचीच ती गत.

तापवलेल्या रिवेटला छिद्र दांड्यापेक्षा थोडं मोठं लागतंच, नाहीतर फुगलेला दांडा आत जात नाही. पुलांच्या आणि शेडच्या कामात तर २५ मिलिमीटरपर्यंतच्या रिवेटला दीड मिलिमीटरची मोकळीक धरतात. पण ठोकताना दांडा पसरून भरायचा तो गोल छिद्रात. दहाचा रिवेट १२.४ च्या अंड्यात भरत नाही, तो पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा टकटकला असता. म्हणजे छिद्र साडेबाराला गोल करायचं आणि वरच्या मापाचा, बाराचा रिवेट घालायचा. त्याची लांबी बारा अधिक अठरा, तीस. पंचवीस, तीस आणि पस्तीसच्या लांबीवरून तीन आठवडे भांडलो, आणि चुकला होता तो व्यास.

छिद्र मोठं करण्याआधी एक गोष्ट बघाच: छिद्राच्या मध्यापासून पाटीच्या कडेपर्यंत छिद्राच्या दीडपट तरी पोलाद उरलं पाहिजे. साडेबाराला जवळपास एकोणीस लागतात, माझ्याकडे बावीस होते. कमी असते तर हँगरच बदलावा लागला असता.

डोकं उडवताना ग्राइंडर सरळ पाटीपर्यंत नेऊ नका. मध्यावर पंच मारून आधी बारीक ड्रिल, मग मोठं, आणि उरलेली कड छिन्नीने. मी पहिल्याच रिवेटला ग्राइंडरने हँगरवर ओरखडा काढून ठेवलाय.

बाराचे तीस मला त्या काउंटरवर मागायचे नव्हते. खरं तर ते त्याच्याकडे असणार होते, पण तोंड कुठल्या तोंडाने दाखवणार? हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये गेलो. तिथल्या दादांनी हिरव्या पिंपात हात घातला आणि बारा बाय तीस मूठभर काढून दिले. छिद्रंही तिथेच करून घेतली, जोडांना आतून जस्ताचा रंग लावला. ठोकायला तीन माणसं: एक भट्टीवर, एक मागून डॉली (टेकूचा जड ठोकळा) दाबून आणि एक हातोडा व स्नॅप (डोक्याला आकार देणारा साचा) घेऊन. रिवेट नारिंगी लाल झाला की लगेच काढतात. पांढरा होऊन ठिणग्या उडाल्या की तो जळाला, फेकून द्यायचा. थंड होताना दांडा आखडतो आणि पाट्या एकमेकींवर आवळतो. ही आवळ थंड ठोकलेल्या रिवेटला येत नाही. बारा रिवेट, सव्वा तास.

बारा, सोळा नाही. उरलेल्या चार ठिकाणी चेसिसचा आडवा तुकडा (मेंबर) मधे येतो, डॉली धरायला जागा नाही, पाना मात्र कसाबसा जातो. तिथे १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बाराचे बोल्ट घातले. ही छिद्रं कमी झिजलेली, ती साडेबारा न करता बाराच्या रीमरने (भोक नेमक्या मापाला खरवडणाऱ्या हत्याराने) नेमकी केली, कारण बोल्ट पसरत नाही. छिद्रातली मोकळीक तशीच राहते. बोल्ट घेताना आटे किती लांब आहेत तेही पाहा. दोन पाट्यांच्या सांध्यात गुळगुळीत दांडा यायला हवा, आटे नव्हेत. पूर्ण आट्यांचा बोल्ट त्या जागी कापणारी करवत होते. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. पाचशे किलोमीटरनंतर मी पुन्हा एकदा आवळले, एक पाव फेरा फिरला.

परवा सिंहगडावर जाऊन आलो, टक्क नाही. आता पुढून डाव्या बाजूने काहीतरी किरकिरतंय, पण ते बुश असावं.

दहा बाय अठ्ठावीसचे चाळीस रिवेट बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त येण्याआधी आपलं छिद्र मोजून या.