जुना नकाशा घेताना आधी समास वाचा

इंग्रज काळातला नकाशा हातात आला की सगळे मधलं चित्र बघतात. खरी माहिती कडेच्या पांढऱ्या पट्टीत असते. म्हणून फ्रेम केलेला नकाशा उघडून दाखवत नसतील, तर घेऊ नये.

उदाहरण म्हणून सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा-संस्थेची एक इंचाला एक मैल (१:६३,३६०) ही शीट बघा. वर ४७ एफ/१४ असा क्रमांक दिसतो. ४७ हा चार अंशांचा चौकोन. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी, आणि त्यांतल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. मोजायचं वरून खाली, मग उजवीकडची पुढची रांग. ४७ एफ/१४ म्हणजे पुणे. वाई हवी असेल तर ४७ जी/१३. विक्रेत्याने दिलेल्या वर्णनापेक्षा या क्रमांकावर भिस्त ठेवावी.

खालच्या समासात मोजणीचं, प्रकाशनाचं आणि छपाईचं साल वेगवेगळं असू शकतं. जाहिरातीत बहुधा सगळ्यांत जुनं टाकतात. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक कोणत्या सालचा दिलाय, तेही बघा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या शीटवर रेखांशांबद्दल एक बारीक टीप सापडते: ते मद्रास वेधशाळेच्या जुन्या रेखांशावर बेतलेले आहेत, सुमारे अडीच मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा करावीत. ती न वाचता नकाशा संगणकावर आजच्या नकाशावर बसवला, तर पुण्याच्या आसपास सगळी गावं चार-साडेचार किलोमीटर पूर्व-पश्चिम सरकतात. मग नकाशाच चुकीचा म्हणून लोक वैतागतात.

ॲटलसमधून फाडलेल्या पानांवर बहुधा साल नसतं. तिथे नकाशातच शोधायचं. बोरघाटातून रेल्वे गेलेली दिसली तर १८६३ च्या आधीचा नाही. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला असेल तर १९०३ नंतरचा. सिंध मुंबई इलाख्याबाहेर असेल तर १९३६ किंवा नंतरचा. एक सावधगिरी मात्र हवी: प्रकाशक छपाईच्या जुन्याच कोरीव प्लेटवर वर्षानुवर्षं छापत आणि फक्त नवी रेल्वे कोरून घालत. त्यामुळे सगळ्यांत नवी खूण धरायची; एखादी गोष्ट नाही, यावरून काहीच ठरत नाही.

नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. रंगात ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोवरून छापलेला, मग कागद चहात बुडवून कितीही पिवळा केलेला असो. तांब्याच्या कोरीव प्लेटवरून छापलेल्या नकाशाभोवती प्लेटचा दाब बोटाला लागतो, पण कडा कापल्या असतील तर ही खूण गेलेली असते. तांब्याचा जुना हिरवा रंग कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी उमटतो. मागची बाजू कोरी-स्वच्छ असेल तर तो हिरवा नंतर भरलेला असण्याची शक्यता बरीच.

१८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या इंग्रजी सचित्र साप्ताहिकाची रंगीत पानं सर्रास विकतात. जुन्या अंकांतली बहुतेक चित्रं काळ्या शाईतच छापलेली होती. रंग विक्रीसाठी नंतर चढवलेला. मोठ्या चित्रात बारीक पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, ते छपाईच्या लाकडी ठोकळ्यांचे सांधे आहेत.

मराठी मासिकांचं दुखणं वेगळं. ‘विविधज्ञानविस्तार’ काय किंवा ‘मनोरंजन’ काय, वर्षाचा खंड बांधताना बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकत आणि समासही छाटत. मजकूर वाचायला असा खंड उत्तम. संग्रहाला मात्र वेष्टनासकट सुटा अंक बरा, कोपरे झिजलेले असले तरी. पृष्ठांक सलग आहेत का, हे स्वतः उलटून बघावं. अनुक्रमणिकेवर विसंबू नये.

घरी आणल्यावर सेलोटेप आणि लॅमिनेशन वर्ज्य. पॉलिएस्टरचं पाकीट चालतं, पीव्हीसीचं नाही. कसर लागलेला अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये. नाहीतर दव थेट कागदावर बसतं.

परदेशातल्या नातेवाइकांना भेट पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवावा. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षं आणि तशी हस्तलिखितं-कागदपत्रं ७५ वर्षं जुनी झाली की पुरावस्तू ठरतात. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा.