खुणा जुळत नव्हत्या, म्हणून अंश मोजले : कॅम टायमिंग तपासण्याचा माझा अनुभव

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना माझी 100 सीसीची गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नव्हती. त्याआधी गॅरेजमध्ये टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकशी जुळवून फिरवणारी साखळी, नवी घातली होती. किक हलकी लागायची, सायलेन्सरचा पाइप वाजवीपेक्षा जास्त तापायचा. परत नेली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "खूण जराशी पुढं-मागं दिसते, पण चेनच्या ढिलाईनं तसं होतं."

हेडचं झाकण उघडून मी स्वतः बघितलं. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकावरची) 'टी' खूण, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची खूण, केसिंगच्या खाचेसमोर आणली, तर कॅम स्प्रॉकेटवरची (कॅमच्या दातेरी चाकावरची) खूण अर्ध्या दाताला थोडी कमी इतकी मागं. चेन एक दात सरकवली, तर ती अर्ध्या दाताहून थोडी जास्त पुढं! चेन होती तशीच परत बसवली. चेन ढिली असती तर खूण थोडी हलली असती, पण दोन दातांच्या मधोमध येऊन अडली नसती.

आमच्या वाड्यावरचे अण्णा डिचोलीच्या खाणींवर फिटर होते. 2012 मध्ये खाणी बंद झाल्यापासून घरीच असतात. ते म्हणाले, "अरे, खुणा राहू देत बाजूला. पिस्टन खरा वर कुठं येतो, ते आधी शोध."

इथूनच खरं काम सुरू झालं. पिस्टनची ही सर्वांत वरची जागा म्हणजे टीडीसी. तो पिस्टनवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून नेमका सापडत नाही. झोका टोकाला गेला की क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, तसा पिस्टनही वर पोचला की क्रँक काही अंश फिरली तरी हलल्याचं जाणवत नाही. म्हणून पिस्टनला वर पोचण्याआधीच अडवायचं. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनी माती फोडून अण्णांनी त्यात बोल्ट वेल्ड करून दिला. 360 अंशांची चकती छापून लॅमिनेट केली (पावसाळ्यात नुसता कागद इथं तासाभरात वाकतो), पत्र्यावर चिकटवली आणि मॅग्नेटच्या नटाखाली धरली. तारेचा काटा केसिंगच्या बोल्टला. 'टी' खुणेवर शून्य.

बोल्ट आत घालण्यापूर्वी दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्हची ढील ठरवणारे स्क्रू) पूर्ण सैल करा. नाहीतर चकती फिरवताना उघडणारा व्हॉल्व्ह त्या बोल्टवर आपटू शकतो. आणि फिरवायचं ते हातानं, सावकाश. किक मारायची नाही.

एका बाजूनं पिस्टन बोल्टला टेकला तेव्हा काटा 'टी'च्या आधी 66 अंशांवर, उलट्या बाजूनं टेकला तेव्हा 'टी'नंतर 38 वर. खूण खरी असती तर दोन्हीकडे 52 आले असते. म्हणजे खरा टीडीसी 'टी' खुणेच्या 14 अंश आधीच येत होता. मॅग्नेटच क्रँकवर मागं सरकलं होतं! ठिणगीची वेळही मॅग्नेटवरूनच ठरते, म्हणजे तीही तेवढीच उशिरा. पाइप तापायचं एक कारण तिथंच कळलं.

आता चकतीचा शून्य खऱ्या टीडीसीवर घेतला, स्टॉप, म्हणजे पिस्टन अडवणारा तो बोल्ट, काढला, थंड इंजिनवर टॅपेट मॅन्युअलप्रमाणे सेट केले आणि इनलेट व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंग धरणाऱ्या वाटीवर, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) बसवला. इथं दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गेजची दांडी व्हॉल्व्हच्या रेषेतच हवी, तिरकी झाली की आकडा खोटा. आणि क्रँक इंजिन चालतं त्याच दिशेनं फिरवायची. आकडा हुकला तर मागं येऊ नका, पुढचे दोन फेरे पूर्ण करून पुन्हा या, कारण उलटं फिरवलं की चेनची ढील दुसऱ्या बाजूला जाते.

व्हॉल्व्ह 1 मिमी उचलला जातो तिथं वाचन घेतलं. टीडीसीनंतर 24 अंशांवर उघडला, बीडीसीनंतर (पिस्टनच्या सर्वांत खालच्या जागेनंतर) 51 वर बंद. उघडा राहण्याचा काळ 207 अंश, मध्य टीडीसीनंतर 127.5 वर. मॅन्युअलच्या हिशेबानं तो सुमारे 26 अंश मागं होता. माझ्या स्प्रॉकेटला 28 दात. एक दात म्हणजे कॅमचे 12.86 अंश, आणि कॅमच्या एका फेऱ्याला क्रँकचे दोन फेरे, म्हणून क्रँकवर जवळपास 25.7. बरोबर एक दात! इनलेट इतका उशिरा बंद झाला की वर येणारा पिस्टन ओढून घेतलेलं मिश्रण परत बाहेर ढकलतो. किक हलकी का लागायची, याचं उत्तर यात आहे. मेकॅनिकनं सरकलेल्या 'टी'ला त्यातल्या त्यात जवळचा दात निवडला होता, आणि तोच चुकीचा होता.

पुलरनं मॅग्नेट काढलं. आतली अर्धचंद्राकृती चावी, म्हणजे मॅग्नेटला क्रँकवर जागच्या जागी धरणारा धातूचा तुकडा, जवळजवळ दोन तुकड्यांत कापली गेली होती. मॅग्नेट फक्त टेपरच्या (क्रँकच्या निमुळत्या टोकाच्या) पकडीवर टिकून होतं. नवी चावी अगदी किरकोळ किमतीत मिळाली. टेपर ग्राइंडिंग पेस्टनं घासून जुळवला, पेस्टचा कण न कण पुसला आणि नट टॉर्क रेंचनं आवळला.

मग चेन एक दात सरकवली आणि सगळं पुन्हा मोजलं. स्टॉपवर दोन्हीकडे 52. इनलेट टीडीसीच्या 2 अंश आधी उघडला, बीडीसीनंतर 25 वर बंद झाला. काळ तोच 207, मध्य 101.5. काळ बदलला नाही याचं मला विशेष समाधान वाटलं, कारण मोजण्यात घोळ झाला नव्हता याची ती खात्री होती. खुणाही आता समोरासमोर आल्या.

चोर्ल्याचा चढ गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. अण्णांनी ती चकती मागून घेतली आहे. वाड्यावरच्या एका पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्याच्या) गाडीची चेन बदलायची आहे, आणि तिचे आकडे ते जुनी चेन काढण्याआधीच लिहून ठेवणार आहेत.