यीस्टला हाडं नसतात, मग कॅल्शियम कशाला?

लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसलं की दहा मिनिटांत विषय निघतोच. "तू नक्की काय करतेस गं?" मी सांगते, यीस्टवर काम करते, पेशी एकाच्या दोन होताना कॅल्शियम धरणारी प्रथिनं काय करतात ते बघते. मग ठरलेला प्रश्न येतो: "पण यीस्टला हाडं कुठे असतात?" परवा एका मावशींनी हेच विचारलं. तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आले आणि उत्तर अर्धं राहिलं. मावशी, तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

प्रश्न रास्त आहे. कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध, नाचणी आणि गुडघे आठवतात. पण हाडं ही कॅल्शियमची कोठी झाली. पेशीच्या आत त्याचं काम निरोप्याचं. पेशीतल्या द्रवात मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने हजारो पटींनी कमी ठेवलेलं असतं. यीस्टसुद्धा जास्तीचं कॅल्शियम पंपाने खेचून व्हॅक्युओल नावाच्या पिशवीत कोंडून ठेवतं. आत एवढी सामसूम असली की जरासं कॅल्शियम आलं तरी लगेच कळतं. ते कळणारी प्रथिनं वेगळी असतात. त्यांच्या साखळीत 12 अमिनो आम्लांचं एक वळण असतं आणि मुठीत गोटी धरावी तसा कॅल्शियमचा आयन त्यात नेमका बसतो.

1986 साली पावाच्या यीस्टमध्ये अशा दोन प्रथिनांची ओळख पटली. एक कॅल्मोड्युलिन, दुसरं सीडीसी-31.

माझा जीव आधी जडला तो सीडीसी-31 वर. यीस्टला कळी फुटते, कळी वाढते, गुणसूत्रांचा एक संच तिच्यात जातो आणि मग आई-लेक वेगळ्या होतात. खाणं भरपूर असेल तर हे सगळं दीड तासात उरकतं. गुणसूत्रं ओढणारे धागे केंद्रकाच्या आवरणात रुतलेल्या दोन खुंट्यांना बांधलेले असतात. सुरुवातीला खुंटी एकच असते. विभाजनाआधी तिच्या दोन व्हाव्या लागतात. त्यासाठी सीडीसी-31 लागतं. या जनुकात बिघाड असलेलं एक वाण 25 अंशांना सुखाने वाढतं, 37 अंशांना अडकतं. मी पहिल्यांदा ती प्लेट गरम इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि काही तासांनी पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली घेतल्या, तेव्हा समोर काचेवर जोड्याच जोड्या होत्या. कळी वाढून आईच्या अंगाला आलेली, आणि दोघींत मिळून निळा ठिपका, म्हणजे रंगवलेलं केंद्रक, एकच. खुंटी एकच राहिलेली, नेहमीपेक्षा मोठी झालेली. धागे एकाच बाजूने निघालेले, दुसरीकडून ओढणारं कुणी नाही. लेकीचं घर बांधून तयार आणि द्यायला वाटा नाही. मी त्या दिवशी जेवायला उठले नाही.

या सीडीसी-31 चं भावंड म्हणजे सेंट्रिन. ते हिरव्या शैवालात आहे आणि तुमच्या-माझ्या पेशींतल्या सेंट्रिओल नावाच्या नळीसारख्या भागातही आहे.

कॅल्मोड्युलिनची गोष्ट आणखी मोलाची. त्याचं जनुक काढून टाकलं तर यीस्ट मरतं, हे 1986 मध्येच कळलं होतं. 1989 मध्ये त्याच्या जागी कणा असलेल्या प्राण्यांचं कॅल्मोड्युलिन घालून पाहिलं, आणि यीस्ट जगलं. तेव्हा सगळ्यांचा समज एकच: कॅल्शियम आलं की हे प्रथिन ते धरतं, आकार बदलतं आणि विभाजनाला हिरवा झेंडा दाखवतं. मग 1991 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला ट्रिशा डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने एक साधा प्रश्न विचारला. यीस्टच्या कॅल्मोड्युलिनमध्ये कॅल्शियम धरणाऱ्या मुठी तीन. तिन्ही बिघडवल्या तर? कॅल्शियम धरता येईना, पण यीस्ट छान वाढत राहिलं.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो पटायलाच वेळ लागला. ज्या गुणावरून घराण्याला नाव मिळालं, तोच गुण काढून घेतला आणि जीवनावश्यक काम तरीही चालू! कारण पुढे उलगडलं. कॅल्मोड्युलिन त्याच खुंटीत एसपीसी-110 नावाच्या लांबट प्रथिनाला धरून बसतं. धाग्यांची मुळं तिथेच रोवलेली असतात. कळीकडे माल वाहून नेणाऱ्या मायो-2 या मोटर प्रथिनालाही ते धरतं. या दोन्ही ठिकाणी त्याला कॅल्शियमशिवाय भागवता येतं. मुठीला गोटी नसली तरी मनगटाची पकड पक्की.

म्हणून मावशी, तुम्ही विचारलंत ते तुम्हाला वाटलं त्याहून खोल होतं. पावातल्या यीस्टला, दिवस बरे असताना, विभाजनासाठी कॅल्शियम धरणारं कॅल्मोड्युलिन मुळी लागतच नाही. मात्र हे सगळ्या यीस्टना लागू करू नका. आफ्रिकेतल्या बिअरमधून मिळालेलं पोंबे यीस्ट कळी न काढता मधोमध दुभंगतं, आणि त्याच्या कॅल्मोड्युलिनच्या मुठी बिघडवल्या तर ते मरतं. एका यीस्टवरून दुसऱ्याचं अनुमान काढायचं नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

पावाच्या यीस्टच्या कॅल्मोड्युलिनला कॅल्शियम लागतं ते अडचणीच्या वेळी. जोडीदार होऊ शकेल अशा विरुद्ध प्रकारच्या पेशीचा गंध आला की यीस्ट विभाजन थांबवून मीलनाची तयारी करतं. जोडीदार आलाच नाही तर परत कामाला लागायचं असतं. या परतीसाठी कॅल्सिन्युरिन हे विकर हवं, आणि ते कॅल्शियम धरलेल्या कॅल्मोड्युलिननेच जागं होतं. इथे मात्र मुठीत गोटी लागतेच.

माझ्या मामांची किडनी बदलली आहे. ते रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टॅक्रोलिमस घेतात. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून ते औषध पांढऱ्या पेशींमधलं कॅल्सिन्युरिन अडवतं. तेच औषध गंधाने थांबलेल्या यीस्टला दिलं, तर तेही परत विभाजनाला लागू शकत नाही. 1992 मध्ये हे दाखवलं गेलं. मामांना मी ते सांगितलं, तर त्यांनी गोळ्यांची पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "म्हणजे पावातल्या त्या यीस्टचं आणि माझं औषध एकच?" मी हो म्हटलं.