सेल्फ-क्लीन चालू असताना ओव्हनचे दार अडकले : माझा अनुभव

न्यू जर्सीतील आमच्या घरी विजेवर चालणारी रेंज आहे. वर सपाट काचेखाली शेगड्या आणि खाली मोठा ओव्हन. या ओव्हनची सेल्फ-क्लीनची प्रक्रिया चालू असताना दाराच्या कुलपात बिघाड झाला, आणि तो कुठे आहे हे शोधून दुरुस्त करेपर्यंत मला बरेच शिकायला मिळाले. भारतातील घरांत ओव्हन असलाच तर तो बहुधा ओट्यावर ठेवायचा ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह असतो व त्यात ही सोय नसते, त्यामुळे ती कशी चालते हे आधी सांगणे आवश्यक वाटते.

सेल्फ-क्लीनमध्ये ओव्हन साधारण ८८० ते १,००० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७० ते ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. इतक्या उष्णतेत आतील भिंतींवर थापलेले तूप, तेल आणि साखर जळून जाते व मागे उरते ती थोडीशी राख, जी ओव्हन निवल्यावर ओल्या फडक्याने पुसता येते. जनरल इलेक्ट्रिकने १९६३ साली ही सोय असलेले ओव्हन बाजारात आणले तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. एवढ्या तापमानात कोणी दार उघडले तर गंभीर इजा होऊ शकते, म्हणून प्रक्रिया सुरू होताच दाराला आपोआप कुलूप लागते. एक छोटी मोटर हळूहळू फिरते, तिच्या आसावरील उंचवटा असलेली चकती दांडा ओढते आणि दांड्याच्या टोकाचा हुक दाराच्या खाचेत अडकतो. त्याच चकतीच्या कडेला दोन छोटे खटके बसवलेले असतात. एक दाबला गेला की दार कुलूपबंद आहे असे कंट्रोल बोर्डाला, म्हणजे ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीला, कळते आणि दुसरा दाबला गेला की हुक सुटला आहे असे कळते. हुक प्रत्यक्षात कुठे आहे हे पाहण्याचे दुसरे कोणतेही साधन बोर्डाकडे नसते, आणि आमच्या बिघाडाचे सारे मर्म याच गोष्टीत होते.

त्या दिवशी नेहमीप्रमाणे आतील जाळ्या बाहेर काढल्या होत्या, कारण त्या तापमानात त्या काळवंडतात आणि नंतर सहज सरकत नाहीत. खिडक्या उघड्या होत्या, एग्झॉस्ट चालू होता. (ज्यांच्या घरी पोपट किंवा इतर पक्षी आहेत त्यांनी ही प्रक्रिया लावण्याआधी पक्षी घराबाहेर हलवावेत, ओव्हनमध्ये नॉनस्टिकचा लेप असलेली वस्तू राहिली तर तिचा धूर पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो.) मोटरचा आवाज आला, दार बंद झाल्याचे चिन्ह दिसले आणि ओव्हन तापू लागला. बऱ्याच वेळानंतर, ओव्हन ऐन उष्णतेत असताना, अचानक पीप-पीप सुरू झाले, पडद्यावर एफ या अक्षराने सुरू होणारा त्रुटीचा संकेत लुकलुकू लागला आणि उष्णता बंद झाली. माहितीपुस्तिकेत त्या संकेतापुढे ‘दाराच्या कुलपातील बिघाड’ एवढेच लिहिलेले होते.

उष्णता आपोआप बंद झाली हे योग्यच झाले. कुलूप बंद असल्याची खूण मिळेनाशी होताच तापवणे थांबवायचे, अशीच बोर्डाची रचना असते. आम्ही कॅन्सलचे बटण दाबले, आतला पंखा चालू राहू दिला आणि दाराला हात लावला नाही. दार जोराने ओढले तर हुक खाचेत अधिक घट्ट रुतून बसतो आणि मग त्या लहानशा मोटरला तो सोडवता येत नाही. शिवाय दारात काचेचे अनेक थर असतात, आणि तापलेल्या काचेवर जोर लावणे धोक्याचे. तापमान साधारण ५०० ते ६०० अंश फॅरनहाइटच्या खाली येईपर्यंत कुलूप एरवीही उघडत नाही, त्यामुळे पहिल्या काही तासांत करण्यासारखे काहीच नसते.

ओव्हन पूर्ण थंड झाला, तरीही दार उघडेना. मग घरातील मुख्य पॅनेलवरचा रेंजचा ब्रेकर बंद करून, काही मिनिटे थांबून तो पुन्हा चालू केला. वीज परत आली की बोर्ड आधी हुक सुटलेल्या स्थितीत आणण्याचा प्रयत्न करतो, म्हणून या वेळी मी लक्ष देऊन ऐकत होते आणि माझे पती विजेरी घेऊन दाराच्या वरच्या फटीत पाहत होते. मोटर फिरू लागली. ते म्हणाले, “अगं, हुक सुटतोय, पण थांबत नाहीये, परत जाऊन अडकतोय.” थोड्या वेळाने मोटर थांबली आणि तोच संकेत पुन्हा आला.

या एका निरीक्षणाने शोधाची व्याप्ती फार कमी झाली. बोर्डाचा हुकूम मोटरपर्यंत पोहोचत होता, मोटर धडधाकट होती, दांडा आणि हुकही मोकळे होते. फक्त ‘आता सुटले, थांब’ ही खबर बोर्डाकडे जात नव्हती. आणि ऐन उष्णतेत ‘बंद आहे’ ही दुसऱ्या खटक्याची खबरही तुटली होती. दोन वेगळे खटके एकाच वेळी बिघडणे शक्य असले तरी संभव कमी. दोघांची सामाईक वायर कुठेतरी सुटली असणे अधिक पटणारे होते.

दार उघडण्यासाठी ब्रेकर पुन्हा बंद-चालू केला. यांनी दार तळहाताने किंचित आत दाबून धरले, म्हणजे हुकावरचा ताण गेला, आणि हुक सुटलेल्या क्षणी दार अलगद खाली घेतले. ते पुन्हा मिटू नये म्हणून उघडेच ठेवून लगेच ब्रेकर बंद केला.

यापूर्वी मी दुरुस्ती सेवेला फोन केला होता. तेथील तंत्रज्ञाने रेंज न पाहताच कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले व मोठा खर्च कळवला. बोर्ड कधीकधी खरेच जातो, हे मान्य. पण बोर्ड दोषी ठरवण्याआधी त्याच्याकडे येणारी खबर तपासणे मला आवश्यक वाटले, आणि त्यासाठी लागतो तो फक्त विजेचा रोध मोजणारा साधा मल्टिमीटर.

ब्रेकर बंद असतानाही आम्ही रेंज पुढे ओढून तिचा प्लग काढला, कारण येथे रेंजला २४० व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्यात गफलत चालत नाही. काचेच्या पृष्ठभागाच्या पुढच्या कडेखाली, दार उघडल्यावरच दिसणारे दोन स्क्रू काढले, तेव्हा तो पृष्ठभाग मोटारीच्या बॉनेटसारखा वर उचलता आला व काठीचा आधार देऊन ठेवता आला. कुलपाची मोटर, चकती आणि दोन्ही खटके त्याच्या खालीच होते. वायरी काढण्याआधी मी त्यांचे फोटो घेतले.

प्रत्येक खटक्याच्या वायरी काढून त्याच्याच टोकांवर मल्टिमीटर लावला. बटण दाबले की रोध शून्याजवळ आणि सोडले की मार्ग खंडित. दोन्ही खटके ठीक होते. मग वायरी परत जोडून हीच तपासणी बोर्डाजवळच्या सॉकेटवरून केली. आता मात्र आकडा स्थिर राहीना. वायर जराशी हलवली की मार्ग जुळे आणि लगेच तुटे. सामाईक वायरीच्या टोकाची चपटी क्लिप काढली तर ती काळी पडलेली आणि सैल होती, आणि ती ज्या पत्तीवर बसते ती पत्तीही जळकी होती. सैल जोडावर रोध वाढतो, त्यामुळे तो गरम होतो आणि उष्णतेने क्लिपची पकड आणखी ढिली होते. एरवी कसाबसा टिकणारा हा जोड सेल्फ-क्लीनच्या उष्णतेत तुटला होता.

त्याच बैठकीत तापमानाचा सेन्सरही मोजला, कारण ओव्हन अजून तापलेलाच आहे असे बोर्डाला चुकून वाटत असेल तरीही दार उघडत नाही. अशा सेन्सरचा रोध खोलीच्या तापमानाला १,०८० ते १,१०० ओहमच्या दरम्यान असावा लागतो. आमचा १,०८५ च्या आसपास भरला, म्हणजे ती शंका मिटली.

जळलेल्या पत्तीवर नवी क्लिप नीट पकड घेत नाही, म्हणून मोटर, चकती आणि खटके मिळून जो एकत्र सुटा भाग मिळतो तो मॉडेल क्रमांकावरून मागवला. वायरीचा काळवंडलेला तुकडा कापून तेथे उच्च तापमान सोसणारी वायर आणि त्याच दर्जाची क्लिप वापरली. हा तपशील माझ्या दृष्टीने सुट्या भागाइतकाच महत्त्वाचा आहे: साध्या वायरीचे प्लास्टिकचे आवरण त्या जागी वितळते आणि प्लास्टिकची जोडटोपीही टिकत नाही. दाराभोवतीची, उष्णता आत कोंडून ठेवणारी विणलेली गॅस्केट फाटलेली किंवा दबलेली नाही ना, हेही पाहिले, कारण तेथून निसटणारी गरम हवा थेट कुलपाच्या दिशेने जाऊ शकते. ही गॅस्केट घासून साफ करायची नसते.

रेंज परत भिंतीशी सरकवताना तिचा मागचा पाय जमिनीवरील पट्टीत अडकला आहे याची खात्री केली; ती पट्टी नसेल तर उघड्या दारावर वजन पडल्यास सगळी रेंज पुढे कलंडू शकते. वीज चालू करताच मोटर थोडी फिरली आणि हुक सुटलेल्या स्थितीत येऊन थांबली. पुढच्या मोकळ्या शनिवारी, घरात कोणी पाहुणे नसताना, मी सर्वात कमी अवधीची सेल्फ-क्लीन लावली. आधी जमलेला चिकट थर हाताने पुसून काढला होता, म्हणजे धूर कमी व्हावा. ओव्हन पूर्ण तापला, प्रक्रिया संपली, आणि तापमान पुरेसे उतरल्यावर कुलूप आपोआप उघडले.