पडणे अशक्य असलेल्यांची सर्कस

नाशिकहून सकाळच्या पंचवटीने ठाण्याला आलो, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत मामलेदारची मिसळ खाल्ली आणि दुपार नातेवाइकांच्या आग्रहात गेली. दिवसाच्या त्या भागाबद्दल एवढे पुरे. संध्याकाळी तलावपाळीजवळच्या एका लहान सभागृहात बाहुल्यांची सर्कस होती, तिच्यासाठीच हे लिहीत आहे.

राजस्थानी कठपुतळीला बहुधा पाय नसतात, लांब घागराच ती उणीव झाकतो. येथे मात्र सारे कसरतपटू असल्याने प्रत्येकाला पाय होते आणि गुडघ्यांना स्वतंत्र दोऱ्या होत्या. तारेवर चालणारा मिशाळ पहिलवान प्रथम पायाने तार चाचपी, मग मान वर करून आपल्याच दोऱ्यांना भक्तिभावाने नमस्कार करी आणि तरीही थरथरत माघारी वळे. वास्तविक त्याचे पडणे अशक्यच होते. डोंबाऱ्याची मुलगी दोरावर चालते तेव्हा तिची सारी विद्या स्वतःचा तोल सावरण्यात खर्ची पडते. बाहुलीला मात्र सावरावे असे वजनच नसते, ते कलाकाराला आधी भासवावे लागते. हात एकदम खाली आणला असता तर पहिलवान नुसता तरंगला असता. पण आधी गुडघा वाकला, मग कंबर खाली आली, खांदे क्षणभर मागे रेंगाळले आणि त्या लाकडी देहाच्या भाराने तार वाकल्याचा मला भास झाला.

झोक्यावरच्या जोडीला खरे भय गुंत्याचे होते. दोघांच्या दोऱ्या एकमेकींत अडकताच विदूषक हातभर लांबीची लाकडी कात्री घेऊन मदतीला धावला, तेव्हा दोन्ही शूरवीरांनी एकमेकांना मिठी मारली आणि मुले 'नको, नको' म्हणून ओरडू लागली. हा गुंता ठरवून केलेला होता की खरोखरीचा, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही. नेमके त्याच वेळी पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी मोबाइल डोक्यावर धरला आणि पुढील काही क्षण मला त्यांच्या पडद्यावरच पाहावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस उभी केली, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या जपल्या आणि त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या दोन्ही परंपरा ज्या मातीत वाढल्या, तेथील प्रेक्षकाला तासभर नुसते पाहत बसणे जड जावे, याचे मला वैषम्य वाटते.

खेळ संपल्यावर कलाकारांनी पडद्यामागे बोलावून चहा दिला, तोही इतक्या अगत्याने की पाहुणे आम्ही की ते, असा प्रश्न पडावा. पहिलवान हातात घेतला तेव्हा त्याचे पाय अनपेक्षितपणे जड लागले. तळव्यांत शिसे भरले होते, पाऊल ठामपणे पडावे म्हणून. मुलांना मात्र त्यात काडीचाही रस नव्हता. त्यांना कात्री हवी होती, आणि ती विदूषकाच्या हाताला कायमची ठोकलेली आहे हे कळल्यावर त्यांनी विदूषकासकट मागितली.