तुम्ही विचारलंत म्हणून: कमी दिसत असताना हातकाम कसं करायचं?

प्रश्न जवळपास याच शब्दांत येतो. "आईला आता नीट दिसत नाही, पण वाकळ शिवायची, मणी ओवायची हौस सुटत नाही. कुठलं भिंग आणून देऊ?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून उत्तरही सविस्तर द्यावंसं वाटतं.

भिंग शेवटी आणा. आधी उजेड सुधारा, मग कापडाचे आणि दोऱ्याचे रंग बदला, मग वस्तूंची मांडणी. हातकामातलं बहुतेक काम बोटांना जमतं. डोळ्यांकडे फक्त तपासणी ठेवायची.

त्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू किंवा बदललेला चष्म्याचा नंबर असेल तर त्यावर इलाज आहे, आणि कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी आणि 3/60 पर्यंत असेल, किंवा नजरेचा घेर 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. (6/18 म्हणजे निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवर जाऊन दिसणं.) म्हणजे नजर उरलेली असते आणि ती कामाला लावता येते.

उजेडाचं सांगायचं तर आषाढात कोल्हापुरात भर दुपारीही घरात अंधारून येतं, आणि छताची ट्यूब पाठीमागे असली की आपलीच सावली कामावर पडते. मान वळवता येणारा, वर झाकण असलेला टेबल लॅम्प घ्या, त्यात 7 ते 9 वॅटचा एलईडी बल्ब लावा. दिवा डोळ्यांच्या पातळीच्या खाली आणि कामापासून 20 ते 25 सेंटिमीटरवर हवा. 50 सेंटिमीटरवरचा दिवा 25वर आणला तर कामावरचा उजेड साधारण चौपट होतो, त्यामुळे मोठा बल्ब घेण्यापेक्षा दिवा जवळ ओढणं केव्हाही बरं. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी तो डावीकडे ठेवावा. पिवळसर उजेड बरा की पांढरा, हे ज्याच्या-त्याच्या डोळ्यांवर आहे. दोन्ही लावून बघा. स्टीलचं ताट, काचेचं टेबल, चकचकीत सनमायका मात्र समोर नको. त्यावरून उजेड उसळतो आणि डोळे दिपतात. वर जाडसर, बिनचमकीचं सुती कापड अंथरा. फिक्या वस्तूंसाठी काळं आणि गडद वस्तूंसाठी पांढरं, असे दोन तुकडे कायम जवळ असू द्या.

आता भिंग. पाचपट असं लिहिलेलं भिंग साधारण 20 डायॉप्टरचं (डायॉप्टर हे भिंगाची ताकद मोजायचं एकक) असतं. 100 भागिले डायॉप्टर केलं की कामापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे इथे फक्त 5. एवढ्या फटीत सुई-दोरा धरलेला हात चालत नाही, आणि दिसतोही जेमतेम एखादा टाका. टाके घालायला दीड ते अडीच पटीचं, गळ्यात अडकवायचं किंवा स्टँडवरचं भिंग पुरतं, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. जोरदार भिंग फक्त तपासायला. मोबाइलच्या कॅमेऱ्यात टाका मोठा करून बघितला तरी तेच काम होतं.

सगळ्यांत जास्त लोक अडतात ते सुईच्या नेढ्यात. नेढ्याला वरून खाच असलेली सुई मिळते. दोरा ताणून खाचेवर ठेवायचा आणि खाली दाबायचा, टक् करून आत बसतो. गुळगुळीत पॉलिस्टर दोऱ्याला ती चांगली. जाड, पिळाचा सुती दोरा मात्र त्या खाचेत चिरतो आणि चार टाक्यांनंतर पिंजून येतो. वाकळेसाठी मोठ्या नेढ्याची सुई आणि दोरा ओवायची तार वापरा. तीही नको असेल तर दोरा सुईवर दुमडून चिमटीत घट्ट धरा, सुई काढून घ्या, आणि चिमटीत राहिलेल्या घडीवर नेढं दाबा. ओवलेल्या दहा-बारा सुया सकाळीच थर्माकोलच्या तुकड्यात टोचून ठेवल्या तर दिवसभर कुणाला हाक मारावी लागत नाही. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरच घ्यावा. लांब दोऱ्याला गाठ पडते, ती दिसत नाही, आणि ओढल्यावर कापडच चुणतं.

वाकळ हे अल्पदृष्टीला सर्वांत मानवणारं काम आहे असं माझं ठाम मत आहे. पहिल्यांदा मोठी घेऊ नका. बाळाच्या दुपट्याएवढी, 60 बाय 75 सेंटिमीटरची, जुन्या सुती साडीचे तीन थर घालून करा. वरचा थर एकरंगी आणि दोरा त्याच्या अगदी विरुद्ध रंगाचा. फुलाफुलांच्या कापडावर टाका हरवतो. थर सपाट पसरून मधून बाहेरच्या दिशेने, दर 10 ते 12 सेंटिमीटरवर लांब कच्चे टाके घाला. इथे कंटाळा केला तर वरचा थर सरकत जातो आणि शेवटी मध्यभागी फुगा येतो, मग उसवण्याशिवाय उपाय नसतो. कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना चालतील. टाचण्या नकोत, सांडल्या की सापडत नाहीत.

मग कडा दुमडून कडेपासून आत, फेरीफेरीने धावदोरा घालत जा. कड बोटाला लागते, म्हणून पहिली फेरी सरळ येते, आणि तिला धरून पुढची. दोन फेऱ्यांत बोटाच्या रुंदीएवढं, दीड ते दोन सेंटिमीटर अंतर राहू द्या. आधीच्या ओळीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवून चाललं तर डोळे मिटूनही ओळ वाकत नाही. ज्यांना आडव्या-उभ्या सरळ रेघाच हव्यात त्यांनी मास्किंग टेप चिकटवून तिच्या काठाने शिवावं. टेपची कड नखाला लागते. त्याच दिवशी टेप काढा, राहिली तर गोंद कापडात उतरतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घाला. डावं बोट खालून सुईचं टोक हुडकत असतं, तिथे टोचतं, म्हणून त्या बोटाला कापडी चिकटपट्टी गुंडाळा.

मधुमेहामुळे नजर गेलेल्यांसाठी मुद्दाम सांगतो. त्यांच्या बोटांची जाणीवही कमी झालेली असू शकते, टोचलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. अशांनी सुईच्या कामाऐवजी जाड लोकरीचं, वेणीचं, गोंड्याचं काम घ्यावं.

गोंडा शिकायला सोपा, आणि बेंदराच्या आधी बैलांच्या शिंगांना, कपाळाला बांधायला मागणीही असते. 8 सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर लोकरीचे 60 वेढे घ्या. दर दहा वेढ्यांना एक मणी या वाटीतून त्या वाटीत टाकला की मोजणी चुकत नाही. वरच्या काठाखालून दुसरा दोरा घालून घट्ट बांधा, खालचा काठ कापा, मग वरून दोन सेंटिमीटरवर मान आवळा. मान सैल राहिली तर पहिल्याच झटक्यात लोकर निसटते. खालची टोकं सारखी करायला गोंडा कागदात गुंडाळून कागदाच्या कडेने कात्री चालवा.

मणी ओवायला लोक एकदम कोल्हापुरी साजाचे (गळ्यातल्या दागिन्याचे) बारीक मणी आणतात आणि चार दिवसांत सोडून देतात. साजाची सोनेरी पानं, मणी यांचं काम देखणं खरं, पण सुरुवात 6 ते 8 मिलिमीटरच्या, मोठ्या भोकाच्या मण्यांनी करा. कोल्हापुरात महाद्वार रोडला, गुजरीच्या म्हणजे सराफ बाजाराच्या बाजूला घेताना भोकात टाचणी घालून बघा. अर्धवट बुजलेली भोकं बोटाला कळत नाहीत. दोऱ्याचं टोक चार-पाच सेंटिमीटर नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळवा आणि तिरकं कापा, म्हणजे सुईच लागत नाही. मण्यांचे रंग बर्फाच्या ट्रेच्या खणांत वेगवेगळे ठेवा, खणांचा क्रम कधीही बदलू नका. हा ट्रे उंच काठाच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा. मणी घरंगळला तरी हाताशी राहतो. ज्यांचा नजरेचा घेर आकसलेला आहे त्यांना तर हे फारच उपयोगी, कारण हरवलेली वस्तू शोधणं हेच त्यांचं खरं दमणं. उलट मधलंच दिसत नसेल तर मान किंवा नजर थोडी बाजूला वळवून, कडेच्या नजरेने बघायची सवय करावी लागते.

कोल्हापुरात राहून चपलेच्या वेणीबद्दल विचारणारेही बरेच. तीनपदरी वेणी बोटांचंच काम आहे. सराव सुतळी, साटीनची फीत आणि नायलॉनची दोरी एकत्र घेऊन करा. प्रत्येक पदर हाताला वेगळा लागतो, कुठला वर आला ते लगेच समजतं. चामड्याच्या पट्ट्या हव्या त्या लांबीच्या दीडपट घ्या आणि किंचित ओलसर ठेवा, कोरड्या पट्टीला वळताना चीर जाते. रापीने चामडं कापणं मात्र ज्याला नीट दिसतं त्याच्याकडेच द्या.

क्रोशाला 5 मिलिमीटरची सुई आणि फिकी, गुळगुळीत, जाड लोकर. काळी, गडद निळी आणि केसाळ लोकर टाळा, टाका डोळ्यांनाही कळत नाही आणि बोटांनाही. दर दहा टाक्यांना एक सेफ्टी पिन अडकवा.

दोऱ्यांच्या रिळांना रंग ओळखायला खुणा करा: लाल रिळाच्या छिद्रात एका गाठीचा दोरा, हिरव्याला दोन, निळ्याला तीन. मापाच्या टेपला दर 10 सेंटिमीटरवर स्टेपलरची पिन मारा, उलटी टोकं नीट दाबून. वस्तू विकायची असेल तर रंग जुळलेत का आणि सुटे दोरे कापलेत का, एवढ्या दोनच गोष्टी दिवसाउजेडी दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या.